दोघंही घरात: निवृत्तीनंतरचा दिवस कसा बसवायचा

निरोपसमारंभात शाल-श्रीफळ मिळतं, भाषणं होतात, ग्रुप फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता माणसानं नेमकं काय करायचं, हे मात्र तिथं कुणी सांगत नाही. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, कुठल्याही वसाहतीत जा, निवृत्त जोडपी आहेतच. शाळेतले, रेल्वेतले, बँकेतले, वीज मंडळातले. आणि बहुतेक घरांत पहिल्या महिन्यात हा संवाद होतोच होतो.

"अगं, हळद हिकडं आणि तिखट तिकडं, असं का? ओळीनं लावून देतो थांब."

"तीस वर्षं हितंच आहे हळद. तुम्ही आत्ता आलाव."

हसू येतं खरं, पण खरी अडचणही हीच आहे. घर म्हणजे आधीपासून सुरळीत चाललेलं ऑफिस असतं, आणि निवृत्त माणूस तिथं बदली होऊन आलेला असतो. अनुभव दांडगा, पण इथली फाइल कुठं असते ते ठाऊक नाही. दोघंही नोकरीत असतील तरी फार फरक पडत नाही, कारण घरातली फाइल बहुधा एकीच्याच डोक्यात असते. म्हणून दिवस आपोआप बसेल असं धरून चालू नये. तो ठरवून बसवावा लागतो. आमच्या घरात आणि शेजारीपाजारी जे टिकलं, ते इथं क्रमानं लिहिते आहे.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त नोंद

लगेच वेळापत्रक करायला बसू नका. दोन वह्या घ्या, एक तुमची, एक त्यांची. आठवडाभर प्रत्येकानं आपण किती वाजता काय केलं ते लिहायचं. उठणं, चहा, अंघोळ, पूजा, भाजी, फोन, टीव्ही, झोप. दुसऱ्याची वही आठवडा संपेपर्यंत बघायची नाही.

रविवारी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की न बोलता बऱ्याच गोष्टी उघड होतात. एकीच्या पानावर सकाळी सहा ते अकरा रेघ सोडायला जागा नसते. दुसऱ्याच्या पानावर "पेपर वाचला" हे तीन वेळा आलेलं असतं. यावर टोमणा मारायचा नाही, नाहीतर ती वही पुढच्या आठवड्यात लिहिली जाणार नाही.

मग एका कागदावर तीन रकाने आखा: तिचा वेळ, त्यांचा वेळ, दोघांचा वेळ. दिवसातले निदान दोन-दोन तास प्रत्येकाचे स्वतःचे ठेवा. त्या दोन तासांत समोरच्यानं हाक मारायची नाही, चष्मा कुठंय विचारायचं नाही, "जरा चहा टाकतेस का" म्हणायचं नाही. हा नियम सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी आहे. बाकीचं काही जमलं नाही तरी एवढं जमवा.

त्याच कागदाच्या मागं आठवड्याच्या भाज्या लिहून टाका. सकाळी आठला "आज भाजी काय?" हा प्रश्न विचारणाऱ्याला साधा वाटतो. रोज उत्तर देणाऱ्याला तो तसा वाटत नाही.

दुसरी पायरी: सकाळ

सोलापूरचा उन्हाळा मार्चलाच अंगावर येतो आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. म्हणून फिरायला जाण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदला. उन्हाळ्यात साडेपाचला बाहेर आणि सातच्या आत घरात. थंडीत अर्धा-पाऊण तास उशीर चालतो. सिद्धेश्वर तलावाचा परिसर, किल्ल्याजवळची हुतात्मा बाग, विजापूर रोडचा संभाजी तलाव, जे घराजवळ असेल ते धरा. लांबच्या चांगल्या जागेपेक्षा जवळची बरी जागा रोज घडते.

जोडीनं फिरायला निघालेली बरीच जोडपी रस्त्यात एकामागोमाग दिसतात. हे पुढं, त्या वीस पावलं मागं, आणि मधूनच "चल की लवकर". यावर सोपा उपाय आहे. घरातून एकत्र निघा, बागेत गेल्यावर ज्यानं त्यानं आपापल्या चालीनं फिरा आणि ठरलेल्या बाकावर ठरलेल्या वेळी भेटा. परतताना गप्पा मारत या. वेग किती असावा? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. जागतिक आरोग्य संघटनेनं आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे रोज तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस.

पासष्टीनंतर नुसतं चालणं पुरत नाही, तोल सांभाळण्याचा व्यायामही आठवड्यातून तीनदा हवा. त्याला जिम लागत नाही. ओट्याला हात टेकून टाचा वर उचला, सावकाश खाली आणा, दहा वेळा. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठा, बसा. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत हे आरामात होतं. साठीनंतर बाथरूममध्ये पाय घसरला की खुब्याचं हाड मोडतं आणि घर सहा महिने आडवं होतं, म्हणून मी हे आग्रहानं सांगते. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घ्या आणि तो गुळगुळीत झालेला पाट बाहेर काढा.

गोळ्यांचं गणित चहाच्या आधी सोडवा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-नाश्ता नाही. दोघांपैकी एकाला ती चालू असेल तर दुसऱ्यानं आपला चहा त्यांच्यासमोर भुरकत बसू नये. मधुमेहाच्या काही गोळ्या जेवणाबरोबर असतात, काही जेवणाआधी. डॉक्टरांकडून वेळ लिहून घ्या आणि तो कागद गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. सोमवार ते रविवार कप्पे असलेले दोन डबे घ्या, दोन रंगांचे. रविवारी रात्री ज्याचे डबे त्यानं भरायचे आणि दुसऱ्यानं तपासायचे.

रक्तदाब घरी मोजत असाल तर आधी पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेबलावर. चहा घेऊन अर्धा तास तरी झालेला असावा. पाण्याची मोटार कुणी चालू ठेवली यावर वाद झाल्यावर लगेच मोजलेला आकडा डॉक्टरांना दाखवू नका.

तिसरी पायरी: पाण्याचा दिवस

सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, काही दिवसांआड येतं आणि वेळही ठरलेली नसते. म्हणून निवृत्त जोडप्याच्या आठवड्यातला सगळ्यात मोठा कार्यक्रम म्हणजे पाण्याचा दिवस. त्या दिवशी दोघांनी मिळून नीट काम केलं तर पुढचे चार दिवस शांततेत जातात.

आदल्या संध्याकाळी पिंप आणि हंडे घासून पालथे घाला. पाणी आलं की पहिली चार-दोन मिनिटं ते गढूळ येतं, ते बादलीत धरा, अंगण नाहीतर झाडं. मग पिण्याचं पाणी कपड्यानं गाळून भरायचं, त्यानंतर वापरायचं, शेवटी हौद. हौदातून वरच्या टाकीत चढवताना मोटार कोरडी फिरू देऊ नका, सील जळतं आणि दुरुस्तीवाला दोन दिवस फोन उचलत नाही.

आता खरी गंमत. एक जण गच्चीवर टाकीपाशी, दुसरा खाली बटणापाशी.

"बंद करा!"

"काय?"

"मोटार! बंद!"

"भरली का?"

"वाहायलीय!"

तोवर निम्मी गल्ली जागी झालेली असते. उपाय अगदी सोपा आहे. वर जाणाऱ्यानं मोबाइल खिशात न्यावा आणि टाकी भरत आली की खाली एक मिस्ड कॉल द्यावा. फोन वाजला की बटण बंद, उचलायचाही नाही, विचारायचंही नाही. आमच्या गल्लीत आता हीच पद्धत रुळली आहे. आणि सत्तरी ओलांडल्यावर अंधारात जिना चढूच नये. टाकीला आपोआप मोटार बंद करणारं यंत्र बसवता येतं, इलेक्ट्रिशियन तासाभरात बसवून देतो. पहिल्या पेन्शनमधून काही घ्यायचंच असेल तर ते घ्या.

साठवलेल्या पाण्याची दुसरी बाजूही आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडं रिकामं करून आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. पिंपाला घट्ट झाकण, नाहीतर कापड बांधा. कूलरचं पाणीही याच हिशोबात धरा. पाणी भरण्यात दोघांपैकी ज्याची कंबर धड आहे त्यानं हंडे उचलावेत, दुसऱ्यानं नळावर उभं राहावं. यात बाई-पुरुष असं काही नसतं.

चौथी पायरी: वर्तमानपत्र

हे लवकर उरकते. पेपर पहिल्यांदा कुणाच्या हातात जाणार ते दिवसानुसार ठरवा, सम तारखेला एक, विषम तारखेला दुसरा. मिक्सर चालू असताना बातमी मोठ्यानं वाचून दाखवू नका. शब्दकोडं एकत्र सोडवा, पण पेन एकच ठेवा.

पाचवी पायरी: स्वयंपाकघर

इथं थोडं थांबते, कारण घरातली निम्मी चकमक इथंच होते.

एखादं काम दुसऱ्याला द्यायचं तर पूर्ण द्यावं. "जरा कांदा चिरून द्या" म्हटलं की कांदा चिरला जातो, पण कुठला चाकू, किती बारीक, साली कुठं टाकू, असे सहा प्रश्न येतात आणि विचारणारा-सांगणारा दोघंही वैतागतात. त्यापेक्षा एक पदार्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच्या नावावर करा. सामान आणणं, करणं, ओटा पुसणं, डबा भरणं, संपत आला की पुन्हा करणं, सगळं त्याचंच. आपल्या गावात यासाठी शेंगाचटणीसारखा पदार्थ नाही.

दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं भाजा. घाई केली की बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात. साल सहज सुटायला लागली, एक दाणा फोडून पाहिला आणि आत फिकट तपकिरी दिसला की उतरवा. पूर्ण गार होऊ द्या, मग चोळून पाखडा. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, चमचाभर जिरं, दोन चमचे लाल तिखट, बेतानं मीठ. खलबत्त्यात आधी लसूण, जिरं, मीठ कुटा, मग तिखट, मग थोडे थोडे दाणे. मिक्सरमध्ये पावडर होते, चटणी होत नाही. कुटत राहिलं की दाण्यांना तेल सुटायला लागतं, चटणी बत्त्याला चिकटते आणि हातात दाबली तर मुठीचा आकार धरते. तिथं थांबायचं. हे पंधरा-वीस मिनिटांचं दणक्याचं काम आहे आणि ऑफिसातून नुकत्याच मोकळ्या झालेल्या माणसाला फार मानवतं. आमच्याकडे ते ह्यांच्या नावावर आहे. आता पुण्याला मुलीकडे डबा जातो तेव्हा "बाबांची चटणी" म्हणूनच जातो, आणि चटणी संपल्याचा फोन मला येत नाही, त्यांना येतो. रक्तदाब असेल तर मीठ हातानं नव्हे, चमच्यानं मोजून घाला, कारण दिवसभरातलं सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत राहायला हवं.

चटणी जमली की भाकरी. आधी आठवडाभर नुसतं पीठ मळायला शिका. ज्वारीचं पीठ एका वेळी आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि मग भाकरी कडेनं फाटते, थापणाऱ्याचा त्यात दोष नसतो. पिठात कढत पाणी घालून चमच्यानं कालवायचं, हाताला सोसेल इतकं निवलं की तळहातानं जोर देऊन मळायचं. गोळा गुळगुळीत झाला की परातीत कोरडं पीठ पसरून थापायची. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर पाण्याचा हात, पाणी सुकत आलं की उलटायची. खालची बाजू भाजली की थेट जाळावर. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी मिळाली तर तीच घ्या. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन नव्हतं तेव्हाही आपल्या घरात तीच होती. पहिल्या भाकऱ्या जाड झाल्या तर त्या मंद तव्यावर दाबून दाबून कडक करा. कडक भाकरी डब्यात कितीतरी दिवस राहते, दुधात, आमटीत कुस्करून खाता येते. काहीही वाया जात नाही.

आता जिनं आजवर हे घर चालवलं तिच्यासाठी. काम दिलंत ना, मग त्या वेळात स्वयंपाकघरातून बाहेर पडा. दाराशी उभं राहून "गॅस मोठा झालाय" म्हणायचं नाही. ओट्यावर पीठ सांडेल, तिखट जरा जास्त पडेल. पडू दे. आणि ज्यांनी हातात बत्ता घेतलाय त्यांच्यासाठी: मसाल्याच्या डब्यांची जागा बदलायची नाही. अगदी शास्त्रशुद्ध वाटली तरी.

मंडईचं कामही असंच वाटा. लक्ष्मी मंडईत जाताना यादीत नुसतं "मेथी" लिहू नका, "मेथी, एक जुडी" लिहा.

"चार जुड्या? कशाला?"

"स्वस्त लावली होती."

"बरं. मग बसा निवडायला."

हाच नियम करून टाका. पालेभाजी जो आणेल तो निवडेल. पुढच्या खेपेपासून एकच जुडी येते.

सहावी पायरी: दुपार

मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बारा ते चार बाहेर पडायचं नाही. बँक नाही, मंडई नाही, "आलो पाच मिनिटांत" नाही. म्हातारपणी तहान लवकर लागत नाही, म्हणून तहान लागण्याची वाट न बघता तांब्या भरून दोघांच्या मध्ये ठेवा. ताक, सब्जाचं पाणी, लिंबू सरबत चांगलंच, मात्र हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनी सांगितलेलंच ठेवा. दुपारची झोप वीस-तीस मिनिटं पुरे. दोन तास झोपलं की रात्री अकराला घरात दोन माणसं टक्क जागी असतात आणि जुने विषय निघतात.

टीव्हीचं भांडण रिमोटचं वाटतं, पण बऱ्याचदा ते कानाचं असतं. एकाला आवाज तीस लागतो, दुसऱ्याला पंधरा पुरतो. "तुला सांगितलं होतं", "तुम्ही कधी सांगितलं?" हे रोज होत असेल तर विसराळूपणाचा आरोप करण्याआधी दोघांनीही कान तपासून घ्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ऐकण्याची तपासणी अर्ध्या तासात होते. कधी नुसता मळ असतो, कधी यंत्र लागतं. चष्मा आपण चाळिशीतच लावतो, कानाच्या यंत्राला मात्र लाजतो, आणि त्यापायी कितीतरी घरांत उगीच आवाज चढतात.

सातवी पायरी: बाहेरची कामं आणि कागद

आठवड्यातला एकच दिवस बाहेरच्या कामांना द्या, पाण्याचा दिवस टाळून. आणि दोघांनी मिळून जा. पेन्शन ज्याची त्यानंच बँकेत जायचं, ही सवय मोडायला हवी. मी अशा बायका पाहिल्यात, नवरा गेल्यावर पासबुक कुठल्या कपाटात आहे तेही ज्यांना सांगता आलं नाही. असे पुरुषही पाहिलेत ज्यांना गॅसचं बुकिंग कुणाच्या नंबरवरून होतं हे ठाऊक नव्हतं. म्हणून एका महिन्यात बिलं ह्यांनी भरायची आणि सिलिंडर तिनं बघायचा, पुढच्या महिन्यात उलट.

एक फाइल करा. तिच्यात पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, दोघांचे आधार आणि पॅन, ठेवींच्या पावत्या, विमा, घराची कागदपत्रं, मृत्युपत्र केलं असेल तर त्याची प्रत. पीपीओवर जोडीदाराचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का ते आजच बघा. आधारवर एक स्पेलिंग आणि पीपीओवर दुसरं असेल तर कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या वेळी ते आडवं येतं, आणि त्या दिवसांत धावपळ करण्याची ताकद नसते. खातं संयुक्त असावं, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" या पद्धतीचं. पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी घेतला असेल तर तो १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. ती तारीख फाइलच्या आतल्या बाजूला ठळक लिहून ठेवा.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. शेवटच्या आठवड्यातली रांग टाळायची असेल तर दिवाळी उरकली की लगेच द्या. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय आहे आणि आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. बोटांचे ठसे पुसट झालेल्या हातांना हे फार सोयीचं पडतं, आणि आपल्या पिढीत भांडी घासून, खडू धरून बऱ्याच जणींचे ठसे पुसट झालेले असतात. कॅमेऱ्यासमोर उजेडात बसा, चष्मा काढा, डोळ्यांची उघडझाप करा. दाखला झाल्यावर आलेला प्रमाण क्रमांक वहीत उतरवा. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनला नोव्हेंबरचंच बंधन नाही, दाखला दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो.

पैसे कुठं ठेवायचे हे मी सांगणार नाही, फक्त एक सांगते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून प्रत्येकी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला. जास्त व्याजाचं आमिष दाखवून घरी येणाऱ्या गोड बोलणाऱ्या मुलाला पाणी द्या, चहाही द्या, सही देऊ नका. आणि फोनवर कुणी पोलिसाच्या वेशात दिसून "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे" म्हणालं तर फोन ठेवून द्या. अशी अटक कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, १९३० वर, फोन करा, जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. घरात एक नियम ठेवा: दुसऱ्याला हाक मारून सांगितल्याशिवाय फोनवरून आलेल्या कुठल्याही मागणीवर एक रुपया पाठवायचा नाही.

आठवी पायरी: संध्याकाळ, वेगवेगळी आणि एकत्र

संध्याकाळी दोघांनी निदान तीन दिवस वेगवेगळं बाहेर पडावं. त्यांचा कट्टा, तिचं भजनी मंडळ. सोलापूरच्या कट्ट्यावर मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषांत राजकारण चालतं, त्याचा लाभ घ्यावा. वाचायला आवडत असेल तर हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, नाटकाला हुतात्मा स्मृती मंदिर आहे. वेगवेगळे फिरून आलात की जेवताना एकमेकांना सांगायला काहीतरी असतं. दिवसभर एकाच खोलीत असलेल्या दोन माणसांकडे रात्री सांगायला काय उरणार?

महिन्यातून एकदा एकत्र गावाबाहेर जा. एसटीत पंचाहत्तरीपुढं प्रवास मोफत, पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून महिलांना कुठल्याही वयात अर्धं. तुळजापूर, अक्कलकोट सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येण्यासारखं आहे. पंढरपूरला दिवस घालवा, पण एकादशी सोडून. डबा घरूनच न्या: कडक भाकरी, चटणी, कांदा. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, बघायच्या तर मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या कुणाच्या तरी ओट्यावर आधी जागा धरा. होम मैदानावरच्या गड्ड्याला, म्हणजे यात्रेतल्या जत्रेला, मुख्य दिवस उलटल्यावर, सुट्टीचा वार सोडून, ऊन कलताना जा, म्हणजे धक्काबुक्की न होता भाग्यश्री बटाटेवडेही खाता येतील.

नववी पायरी: भांडण झालंच तर

होणारच. फक्त मुलांना फोन लावून निवाडा मागू नका. पोरं तिकडं नोकरीत, त्यांना मोटार कुणी चालू ठेवली याचा निकाल देता येत नाही. त्यांना नुसता घोर लागतो. ठरलेल्या वेळी फोन करा, दोघांनी स्पीकरवर बोला आणि एकानं सुरू केलेलं वाक्य दुसऱ्यानं दुरुस्त करू नका. "मंगळवारी नाही, बुधवारी" यानं गोष्ट कधीच पुढं सरकत नाही.

एकच गोष्ट गंभीरपणे घ्या. जोडीदार वारंवार तेच विचारायला लागला, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळला, पैशांचा हिशोब चुकायला लागला, किंवा कशातच मन लागेनासं झालं, तर तो स्वभाव आहे म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात आलेली उदासी उपचारानं बरी होते, हे मी जवळून पाहिलं आहे.

फ्रिजच्या दारावर एक कागद लावा. डॉक्टर, शेजारी, मुलं, रुग्णवाहिकेचा १०८, ज्येष्ठांच्या मदतीचा १४५६७. अक्षर चष्म्याशिवाय वाचता येईल इतकं मोठं. दोघांचे रक्तगट आणि चालू औषधं त्याच्याच खाली. घराची एक किल्ली शेजारी ठेवा, आणि आतून कडी घालायची सवय असेल तर बाहेरून उघडता येणारं कुलूप बसवा.

हे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदला, गुढीपाडव्याला आणि दिवाळीनंतर. मे महिन्यात नातवंडं आली की ते बाजूला ठेवा, खुशाल. त्या दिवसांत फक्त तीन गोष्टी सोडू नका: गोळ्यांच्या वेळा, पाण्याच्या दिवसाचा मिस्ड कॉल आणि प्रत्येकाचे ते दोन तास. नातवंडांनाही सांगून ठेवा की चार ते सहा आजीला हाक मारायची नाही. शेंगाचटणी कुटायला मात्र त्यांना आजोबांशेजारी बसवा, बत्ता जड आहे, दोन्ही हातांनी धरायला शिकवा.